उदासीचा आजार : औषधांचे प्रकार आणि त्यांचा हिशेब

कडेगाव, विटा, खानापूर, आटपाडी, तासगाव या पट्ट्यातील माणूस धंद्यासाठी कुठवर गेला आहे हे या पानाच्या वाचकांना नव्याने सांगायला नको. सोने-चांदी गाळण्याच्या गलाई धंद्याने या दुष्काळी भागातील घरेच्या घरे हिंदुस्थानच्या कानाकोपऱ्यात नेऊन बसवली. भाषा परकी, हवा परकी, शेजार परका. तरी माणसे तगली आणि गावाकडे बंगले उभे राहिले. अशा धंद्यात भाव, उधारी, चोरी, भाडे यांचा विचार सगळेच करतात. एका नुकसानीची नोंद मात्र कोणत्याही वहीत होत नाही. गादीवर बसणाऱ्या माणसाचे मन खचते तेव्हा दुकान उघडे असूनही धंदा बंद पडत जातो, आणि तो का बंद पडला हे घरच्यांनाही उमगत नाही.

मोहरमच्या ताबूत-भेटीला किंवा सणासुदीला गावी आलेला असा माणूस ओळखू येतो. तो चार माणसांत बसत नाही. पहाटे तीनलाच जागा होतो. जेवणावर वासना नाही, अंगात त्राण नाही, हिशेबाची वही उघडली तर आकडे डोक्यात शिरत नाहीत. "करमत नाही", "जीव लागत नाही", "डोके जड होते", "छातीत धडधडते" असे तो सांगतो. "मी उदास आहे" असे सहसा सांगत नाही. मग घरचे कोणी म्हणते आळशी झाला, कोणी म्हणते नजर लागली, कोणी म्हणते कोणीतरी काही केले. हीच अवस्था दोन आठवड्यांहून अधिक काळ दिवसभर, रोज राहिली आणि कामधंदा अडू लागला, तर वैद्यकशास्त्र तिला नैराश्याचा आजार म्हणते. तो रक्तदाब किंवा मधुमेह यांसारखाच औषधाने आटोक्यात येणारा आजार आहे. नुकसान झाले, जवळचे माणूस गेले म्हणून वाटणारे दुःख निराळे. ते हळूहळू ओसरते, त्याला गोळी लागत नाही.

बंगळूरच्या निम्हान्स संस्थेने २०१५-१६ साली बारा राज्यांत मानसिक आरोग्याची पाहणी केली. महाराष्ट्र त्या बारांत नव्हता, पण आकडे विचार करायला लावणारे आहेत. दर वीस प्रौढ माणसांमागे सुमारे एकाला आयुष्यात कधी ना कधी हा आजार झालेला आढळला, आणि ज्यांना त्या वेळी आजार होता त्यांतील शेकडा ८५ च्या आसपास लोक कोणत्याही उपचाराविना होते. उपचार महाग म्हणून हे घडते असे पुष्कळांना वाटते. आमच्या मते ते खरे नाही. या आजाराची चांगली औषधे जुनी झाली आहेत, आपल्या देशात बनतात, आणि बरीचशी स्वस्त आहेत. अडते ते दोन ठिकाणी. एक, गोळी सुरू करण्याची लाज. दुसरे, सुरू केलेली गोळी मधेच बंद करण्याची घाई. दोन्हींच्या मुळाशी ही गोळी नेमकी काय आहे याचे अज्ञान आहे. म्हणून आज औषधांचे प्रकार थोडे खोलात जाऊन सांगत आहोत.

क्षयाच्या इस्पितळातून सुरुवात

आपल्याकडच्या जुन्या माणसांना सांगली-मिरजेच्या मधले वानलेसवाडीचे क्षयरुग्णांचे सॅनिटोरियम आठवत असेल. तसेच एक मोठे क्षयाचे इस्पितळ न्यूयॉर्कच्या स्टेटन बेटावर होते. तेथे १९५२ च्या सुमारास इप्रोनियाझिड नावाचे नवे औषध क्षयावर देऊन पाहिले जात होते. अंथरुणाला खिळलेले रोगी भराभर हिंडूफिरू लागले, गप्पा मारू लागले, जेवण वाढवून मागू लागले. फुप्फुसे अजून बरी झालेली नव्हती, मन मात्र उल्हसित झाले होते. त्यावरून डॉक्टरांच्या ध्यानात आले की हे औषध मेंदूवरही काम करते. क्षयावर आजही दिले जाणारे आयसोनियाझिड हे त्याच औषधाचे भावंड. इप्रोनियाझिड पुढे यकृताला अपाय करते म्हणून अमेरिकेच्या बाजारातून गेले. त्या वर्गातील इतर औषधे राहिली, पण त्यांच्यासोबत जुने मुरलेले चीज आणि तत्सम पदार्थ खाल्ल्यास रक्तदाब एकाएकी भडकतो, आणि इतर अनेक गोळ्यांशीही त्यांचे वाकडे. त्यामुळे आपल्याकडच्या चिठ्ठीवर हा वर्ग जवळपास दिसत नाही. येथे इतकेच सांगायचे की या आजारावरचे औषध कोणी मंत्र-तंत्राने किंवा वेड्यांच्या इस्पितळात शोधले नाही, ते क्षयाच्या खाटेवर सापडले.

दुसरा वर्गही असाच अवचित हाती आला. स्वित्झर्लंडमध्ये म्युन्स्टरलिंगेन येथील डॉक्टर रोलांड कून हे गायगी कंपनीचे एक औषध दुसऱ्याच मानसिक रोगावर तपासत होते. त्या रोगावर ते चालले नाही, पण खिन्न रोग्यांना उतार पडला. १९५७ साली त्यांनी ते जाहीर केले. हे औषध म्हणजे इमिप्रामिन. त्याच्या पाठोपाठ १९६१ च्या सुमारास अॅमिट्रिप्टिलिन आले. रेणूत तीन कड्या असतात म्हणून या वर्गाला ट्रायसायक्लिक म्हणतात.

ही औषधे साठ वर्षांहून जुनी आहेत, पण कुचकामी झालेली नाहीत. गुणात ती आजही नव्या औषधांच्या बरोबरीने उभी राहतात. त्यांचा दोष निराळा आहे. तोंड कोरडे पडते, बद्धकोष्ठ होते, डोळ्यांपुढे अंधुक दिसते, दिवसा पेंग येते. ज्या वृद्धांना प्रोस्टेटचा त्रास आहे त्यांची लघवी अडू शकते. हृदयाचे ठोके अनियमित असणाऱ्यांना ती जपून द्यावी लागतात. आणि सर्वात महत्त्वाचे, एकाच वेळी जास्त गोळ्या पोटात गेल्या तर ती जीवावर बेततात. म्हणून ज्या घरात रुग्णाच्या मनात जीव नकोसा झाल्याचे विचार येतात, त्या घरात या गोळ्यांची पट्टी घरातील जबाबदार माणसाने स्वतःच्या कुलपात ठेवावी आणि रोजची गोळी हातावर द्यावी.

येथे एक गोष्ट सांगून ठेवतो, कारण तिच्यावरून घरोघर गैरसमज होतात. अॅमिट्रिप्टिलिन अगदी थोड्या मात्रेत अर्धशिशीवर आणि मधुमेहात पायांची आग होते त्यावरही देतात. तेव्हा सासऱ्यांच्या चिठ्ठीवर ते नाव दिसले की त्यांचे डोके बिघडले, असा निष्कर्ष मेडिकलच्या काउंटरवर काढू नये.

आज सर्वाधिक लिहिला जाणारा वर्ग

अमेरिकेच्या एली लिली कंपनीने सत्तरच्या दशकात फ्लुओक्सेटिन तयार केले. १९८७ च्या डिसेंबरात त्याला तेथे परवानगी मिळाली आणि औषधांच्या बाजाराचे चित्र पालटले. फ्लुओक्सेटिन, सर्ट्रालिन, पॅरोक्सेटिन, सिटालोप्राम आणि त्याचाच सुधारलेला अवतार एस्सिटालोप्राम, ही सारी एका कुळातली. या कुळाला इंग्रजी आद्याक्षरांवरून एस.एस.आर.आय. म्हणतात. मेंदूतील पेशी एकमेकींना निरोप देताना सेरोटोनिन नावाचे द्रव्य सोडतात आणि काम झाले की परत शोषून घेतात. ही औषधे ते परत शोषणे मंदावतात, म्हणजे निरोप अधिक वेळ पोहोचत राहतो.

"सेरोटोनिन कमी पडले म्हणून उदासी आली, गोळीने ते भरून निघाले" असे सोपे स्पष्टीकरण पुष्कळदा दिले जाते. शास्त्रज्ञ आता तसे मानत नाहीत. द्रव्याची पातळी गोळीनंतर काही तासांतच बदलते, मन सावरायला मात्र आठवडे लागतात. मधल्या काळात मेंदूच्या पेशींची घडीच हळूहळू बदलत असावी. औषध कसे काम करते याचे कोडे पुरते सुटलेले नाही, पण ते गुण देते हे चाचण्यांतून वारंवार दिसले आहे. अॅस्पिरिन नेमकी कशी काम करते हे कळायच्या आधी लोकांनी ती सत्तर वर्षे घेतलीच होती.

या कुळाचा मोठा गुण म्हणजे सुरक्षितपणा. हृदयावर ताण कमी, पेंग कमी, चुकून जास्त गोळी गेली तरी जुन्या वर्गाइतका धोका नाही. पण त्रास मुळीच नाही असे मात्र नाही. पहिल्या आठवडा-दोन आठवड्यांत मळमळ, पातळ शौच, डोकेदुखी, उगाच अस्वस्थता होते आणि बहुतेकांची आपोआप थांबते. नेमक्या याच काळात गुण अजून दिसलेला नसतो. म्हणजे आधी त्रास आणि नंतर लाभ असा हा सौदा आहे, आणि बरीच माणसे लाभाची तारीख येण्याआधीच सौदा मोडतात. वैवाहिक संबंधांतील इच्छा मंदावणे हा आणखी एक परिणाम. त्याबद्दल आपल्याकडे नवरा-बायको दोघेही बोलत नाहीत, गोळी मात्र गुपचूप बंद करतात. डॉक्टरांना सांगितले तर मात्रा कमी करता येते, औषध बदलता येते. वृद्धांच्या रक्तातील सोडियम कधी कधी घटते, त्यामुळे म्हातारे माणूस एकाएकी बरळू लागले तर तपासणी करावी. आणि कंबर-गुडघ्यासाठी वेदनाशामक गोळ्या रोज खाणाऱ्यांनी ते डॉक्टरांना आवर्जून सांगावे. दोन्ही मिळून पोटात रक्तस्राव होण्याचा संभव वाढतो. ट्रामाडोल या वेदनाशामकाची तर या औषधांशी जोडी लावूच नये, लावायची झाल्यास डॉक्टरांच्या देखरेखीखाली.

पंचविशीच्या आतील मुलांबाबत एक इशारा. अमेरिकेच्या औषध खात्याने २००४ साली मुलांसाठी आणि २००७ साली चोवीस वर्षांपर्यंतच्या तरुणांसाठी वेष्टनावर ठळक सूचना छापायला लावली, की सुरुवातीच्या काळात काहींच्या मनात आत्मघाताचे विचार वाढू शकतात. याचा अर्थ तरुणांना औषध देऊ नये असा नव्हे. पहिले काही आठवडे मुलाला एकटे ठेवू नये आणि डॉक्टरांकडे लवकर लवकर न्यावे असा आहे.

यानंतरची औषधे थोडक्यात. व्हेनलाफॅक्सिन, डेसव्हेनलाफॅक्सिन आणि ड्युलोक्सेटिन ही सेरोटोनिनबरोबर नॉरअॅड्रिनलिन या दुसऱ्या द्रव्यावरही काम करतात. अंगदुखी सोबत असेल तर ती उपयोगी पडतात, मात्र रक्तदाबावर लक्ष ठेवावे लागते. मिर्टाझापिनने झोप आणि भूक दोन्ही वाढतात, त्यामुळे खंगलेल्या रोग्याला ते वरदान आणि आधीच वजन वाढलेल्याला डोकेदुखी. बुप्रोपिऑनने वैवाहिक इच्छेवर सहसा परिणाम होत नाही आणि तंबाखू-सिगारेट सोडवायलाही ते देतात. फिट येणाऱ्यांनी ते घ्यायचे नाही.

लिथियमची गोष्ट वेगळी. काही माणसांना उदासीचे झटके येतात तसे उलट दिशेचेही येतात. झोप न घेता दोन-दोन दिवस काम, उधळपट्टी, मोठमोठ्या योजना, वाटेल त्या भावाने माल उचलणे. व्यापारी घरात याला कित्येकदा धडाडी समजतात! अशा माणसाला नुसती उदासीची गोळी दिली तर तो दुसऱ्या टोकाला जाऊ शकतो. त्याला मन स्थिर ठेवणारे औषध लागते, आणि लिथियम हे त्यांतले जुने व भरवशाचे. १९४९ साली ऑस्ट्रेलियाच्या जॉन केड यांनी त्याचा गुण दाखवला. त्याची रक्तातील पातळी ठराविक काळाने तपासावीच लागते. म्हणून डॉक्टरांकडे जाताना "पूर्वी कधी असा फार जोशाचा काळ येऊन गेला होता का" याची माहिती घरच्यांनी आपणहून द्यावी.

झोपेची गोळी म्हणजे उदासीची गोळी नव्हे

आम्हाला सर्वात जास्त भीती वाटते ती या घोटाळ्याची. "मानसिक गोळ्यांची सवय लागते" हे वाक्य गावोगाव ऐकू येते, आणि ते निम्मे खरे आहे म्हणूनच घातक आहे. सवय लागते ती अल्प्राझोलाम, क्लोनाझेपाम, डायझेपाम अशा घबराट थांबवणाऱ्या व झोप आणणाऱ्या गोळ्यांची. त्या तासाभरात आराम देतात, म्हणून लोकांना आवडतात. थोड्या दिवसांसाठी डॉक्टर त्या देतात हे योग्यच आहे. पण महिनोन् महिने घेतल्यास मात्रा वाढवत न्यावी लागते आणि सोडताना जीव कासावीस होतो. उदासी त्यांनी बरी होत नाही, नुसती झाकली जाते.

वर सांगितलेल्या उदासीवरील औषधांची अशी नशा नाही. कोणी ती मजेसाठी खात नाही, मात्रा वाढवण्याची तलफ येत नाही. एकदम बंद केल्यास मात्र चक्कर, झिणझिण्या, चिडचिड, विचित्र स्वप्ने असा त्रास काही दिवस होऊ शकतो. पॅरोक्सेटिन आणि व्हेनलाफॅक्सिनला तो अधिक, फ्लुओक्सेटिन अंगात बराच काळ टिकत असल्याने त्याला कमी. म्हणून बंद करताना मात्रा हळूहळू उतरवतात.

व्यवहारात घडते ते नेमके उलटे. रोज घ्यायची साधी गोळी लोक "सवय लागेल" म्हणून सोडतात आणि खरोखर सवय लागणारी गोळी ओळखीच्या दुकानातून मागत राहतात. बाजारात एस्सिटालोप्राम व क्लोनाझेपाम एकत्र असलेली जोड-गोळीही मुबलक खपते. ती घेणाऱ्याला आपण दोन औषधे घेत आहोत हेच ठाऊक नसते. आपल्या पट्टीवर किती नावे छापली आहेत हे एकदा वाचून पाहावे. दोन असतील तर दुसरे किती दिवस घ्यायचे हे डॉक्टरांना विचारावे.

औषध दुकानदार बांधवांसाठी दोन शब्द. उदासीवरील औषधे शेड्यूल एच मध्ये येतात, चिठ्ठीविना देता येत नाहीत. अल्प्राझोलाम, डायझेपाम यांसारखी औषधे १ मार्च २०१४ पासून शेड्यूल एच-१ मध्ये आहेत. त्यांची विक्री डॉक्टर व रुग्णाच्या नावानिशी वेगळ्या वहीत नोंदवून ती वही तीन वर्षे जपावी लागते. ओळखीच्या माणसाला "चार गोळ्या दे" म्हटल्यावर देण्यात माणुसकी नाही, कायदा तर नाहीच.

पैशाचा हिशेब

आता या पानाच्या मुख्य विषयाकडे येऊ. आपल्या देशात ही औषधे स्वस्त का, याला इतिहास आहे. १९७० च्या पेटंट कायद्याने औषधाच्या रेणूवर मक्तेदारी मिळत नसे, फक्त ते बनवण्याच्या रीतीवर मिळत असे. ही सवलत २००५ पर्यंत टिकली. त्यामुळे अमेरिकेत फ्लुओक्सेटिनची मक्तेदारी २००१ साली संपण्याच्या बऱ्याच आधी आपल्या कारखान्यांना ते स्वतःच्या रीतीने बनवता आले. दिलीप संघवी यांनी १९८३ साली सन फार्मा सुरू केली ती मानसिक आजारांवरील अवघ्या पाच औषधांवर. इतर कंपन्या ज्या गिऱ्हाइकाकडे पाहत नव्हत्या त्यावर उभी राहिलेली ती कंपनी पुढे देशातील सर्वात मोठी औषध कंपनी झाली. अहमदाबादच्या टोरेंटचे यू. एन. मेहता यांचाही पाया मानसिक आजारांच्या औषधांतच रचला गेला. लोक ज्या आजाराचे नाव घ्यायला लाजतात त्याचा बाजार केवढा मोठा आहे, हे व्यापाऱ्यांनी केव्हाच ओळखले होते.

सरकारच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत अॅमिट्रिप्टिलिन, फ्लुओक्सेटिन आणि एस्सिटालोप्राम ही आहेत. यादीतील औषधाला २०१३ च्या दर नियंत्रण आदेशाने कमाल भाव ठरतो. बाजारात एक टक्का वा त्याहून अधिक वाटा असलेल्या सर्व ब्रँडांच्या किमतीची सरासरी काढायची आणि तिच्यावर किरकोळ दुकानदाराचा १६ टक्के नफा मिळवायचा, अशी ती पद्धत. दरवर्षी एप्रिलमध्ये घाऊक भावाच्या निर्देशांकाप्रमाणे हा कमाल भाव हलतो. २०२३ साली तो १२.१२ टक्क्यांनी वाढवू दिला होता, २०२४ साली अवघा ०.००५५१ टक्क्याने. यादीबाहेरच्या औषधाला कंपनी वर्षाला १० टक्क्यांपर्यंत भाव चढवू शकते. साध्या एका औषधाची गोळी आणि जोड-गोळी यांच्या भावात फरक पडतो तो यामुळेही. २२ सप्टेंबर २०२५ पासून औषधांवरील जीएसटी १२ वरून ५ टक्क्यांवर आला आहे, तोही बिलात उतरला आहे का हे पाहावे.

गिऱ्हाइकाने एवढे एक ध्यानात घ्यावे की ब्रँडचे नाव हे वेष्टन आणि मूळ नाव हा माल. २०१८ च्या नियमानुसार पट्टीवर मूळ नाव ब्रँडच्या नावापेक्षा मोठ्या अक्षरांत छापावे लागते. तेच मूळ औषध त्याच मात्रेत एका कंपनीचे महाग आणि दुसरीचे स्वस्त असू शकते. परंतु चिठ्ठीवर एक ब्रँड असताना दुकानदाराने आपल्या मनाने दुसरा देणे कायद्यात बसत नाही. म्हणून डॉक्टरांनाच अदबीने विनंती करावी, "साहेब, मूळ नाव लिहून द्या." मग ती चिठ्ठी घेऊन जनऔषधी केंद्रात जाता येते. २००८ साली सुरू झालेल्या या योजनेची केंद्रे २०२५ मध्ये देशभरात पंधरा हजारांच्या वर गेली. तेथील भाव प्रमुख ब्रँडांच्या निम्म्याहून कमीच असतात. एकदा स्वस्त कंपनीची गोळी लागू पडली की शक्यतो तीच चालू ठेवावी, दर महिन्याला बदलू नये.

गोव्यात या हिशेबाची प्रत्यक्ष परीक्षा झाली आहे. डॉ. विक्रम पटेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सरकारी इस्पितळांच्या बाह्यरुग्ण विभागात ४५० रुग्णांवर केलेला अभ्यास २००३ साली 'लॅन्सेट' या नियतकालिकात आला. काहींना फ्लुओक्सेटिन दिले, काहींना तशीच दिसणारी पोकळ गोळी, काहींना समुपदेशन. दोन महिन्यांनी फ्लुओक्सेटिनवाले पोकळ गोळीवाल्यांपेक्षा अधिक बरे होते, आणि दवाखान्याचा एकूण खर्चही त्यांचा कमी झाला. कारण उघड आहे. आजार ओळखला गेला नाही तर माणूस छातीसाठी एकाकडे, पोटासाठी दुसऱ्याकडे, डोक्यासाठी तिसऱ्याकडे फिरतो. कराड, सांगली, मिरज यांच्या फेऱ्या, प्रत्येक फेरीला नवी तपासणी, टॉनिकच्या बाटल्या, सलाईन, आणि सोबत येणाऱ्या भावाचे बुडालेले दुकान. थायरॉइड, हिमोग्लोबिन, साखर, बी-१२ एवढे एकदा जरूर पाहावे, कारण त्यांच्या बिघाडानेही अशीच मरगळ येते. ते ठीक निघाले तर पाचवा स्कॅन करण्यापेक्षा मानसोपचारतज्ज्ञाचे दार ठोठावणे स्वस्त पडते.

याच मंडळींच्या पुढच्या कामातून आणखी एक गोष्ट पुढे आली. २०१० साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात गोव्यातील १२ सरकारी आरोग्य केंद्रे आणि १२ खाजगी दवाखाने घेतले होते. गावातल्याच, डॉक्टर नसलेल्या पण शिकवून तयार केलेल्या समुपदेशकांनी रुग्णांचा पाठपुरावा केला, तेव्हा सरकारी केंद्रांत रुग्ण लक्षणीय प्रमाणात बरे झाले. आजार सौम्य असेल तर बोलण्याचे उपचार, नियमित चालणे, दिनक्रम सावरणे यांनीही भागते, गोळी लागतेच असे नाही. मध्यम आणि तीव्र आजारात मात्र गोळी टाळण्यात शहाणपण नाही.

विम्याबद्दलही माहिती हवी. मानसिक आरोग्य कायदा, २०१७ ने विमा कंपन्यांना शारीरिक आजाराप्रमाणेच मानसिक आजारालाही विमा देणे बंधनकारक केले आहे. प्रत्यक्षात बहुतेक पॉलिसी इस्पितळात दाखल झाल्यावरचाच खर्च देतात, महिन्याच्या गोळ्यांचा नाही. पॉलिसी घेताना हे विचारून घ्यावे. त्याच कायद्याच्या ११५ व्या कलमाने, जीव देण्याचा प्रयत्न केलेल्या माणसाला तीव्र तणावाखाली असलेला समजून त्याच्यावर खटला चालवायचा नाही असे ठरवले आहे. पोलिसांच्या भीतीने अशा माणसाला घरी दडवून ठेवणे म्हणजे त्याला दुसऱ्यांदा धोक्यात घालणे होय.

किती दिवस, आणि रमजानात काय

गुण दिसू लागायला साधारण दोन ते चार आठवडे, पुरता दिसायला सहा आठवडेही लागतात. पहिल्याच औषधाने पूर्ण उतार पडण्याचे भाग्य सुमारे तिघांपैकी एकाला लाभते. इतरांना मात्रा वाढवावी किंवा औषध बदलावे लागते. म्हणून "या डॉक्टरची गोळी लागली नाही" म्हणून दर महिन्याला डॉक्टर बदलणे हा शुद्ध तोटा आहे. बरे वाटू लागल्यावरही पुढे निदान सहा ते नऊ महिने औषध चालू ठेवायचे असते. आजार पुन्हा पुन्हा उलटत असेल तर दोन वर्षे किंवा अधिक. बरे वाटले की गोळी सोडायची ही आपली सवय. येथे ती महागात पडते, कारण उलटलेला आजार पुढच्या वेळी पुन्हा येण्याचा संभव वाढतो.

रमजानात अनेकजण आपणहून गोळ्या बंद करतात. याची जरुरी बहुतेकांना नसते. दिवसातून एकदाच घ्यायची औषधे पुष्कळ आहेत. पेंग न आणणारे सहरीला आणि झोप आणणारे रात्री इफ्तारनंतर घेता येते. दोन वेळांची गोळी एका वेळेवर आणता येईल का हे डॉक्टरांना रमजानच्या महिनाभर आधी विचारावे. लिथियम घेणाऱ्यांनी मात्र विचारल्याशिवाय रोजा धरू नये. दिवसभर पाणी न पिल्याने, विशेषतः उन्हाळ्यात, रक्तातील लिथियम वाढून विषबाधा होऊ शकते. आजारी माणसाला शरीअतने सवलत दिलेली आहे, ती अशाच वेळेसाठी. दुआ आणि दवा यांत भांडण लावणाऱ्यांचे आम्हाला नेहमीच नवल वाटत आले आहे.

परमुलखात दुकान असणाऱ्यांची अडचण निराळी. कराडच्या किंवा मिरजेच्या डॉक्टरांनी लिहिलेला ब्रँड कोईमतूर किंवा कानपूरला मिळत नाही आणि तेवढ्यावर औषध सुटते. निघताना चिठ्ठीवर मूळ नाव, मात्रा आणि किती महिने घ्यायचे हे स्वच्छ अक्षरात लिहून घ्यावे, चिठ्ठीचा फोटो स्वतःच्या आणि घरच्यांच्या मोबाइलवर ठेवावा, आणि पट्टीत दहा गोळ्या उरल्या की पुढच्या महिन्याच्या आणाव्यात, शेवटची संपल्यावर नव्हे. १० ऑक्टोबर २०२२ पासून सरकारची टेलि-मानस सेवा सुरू आहे. १४४१६ हा क्रमांक देशात कोठूनही फुकट लागतो, रात्रीही लागतो, आणि मराठीत बोलता येते.